युरोपात गाडीने फिरणाऱ्या वादकांचा जमाखर्च

आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याचा धंदा आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरे, माल टेम्पोत, जेवण जमेल तिथे. त्याची कमाई मालावर जेवढी ठरते, त्याहून जास्त दोन बाजारांमधल्या अंतरावर आणि महिन्यात किती खाडे पडले यावर ठरते. युरोपातील लहान जागी कार्यक्रम करीत फिरणारा वादकही हाच धंदा करतो. परदेश दौरा म्हटला की आपल्याकडे विमान, हारतुरे आणि मोठे सभागृह डोळ्यांसमोर येते. आम्ही येथे बोलतो आहोत ते पन्नास ते दीडशे श्रोत्यांसमोर, एखाद्या कॅफेच्या तळघरात किंवा युवक केंद्राच्या खोलीत वाजवणाऱ्यांबद्दल.

या धंद्याचा सर्वांत गाजलेला दाखला हॅम्बुर्गचा आहे. ऑगस्ट १९६० मध्ये लिव्हरपूलची पाच पोरे त्या बंदराच्या शहरात वाजवायला गेली. करार माणशी रोज ३० मार्कांचा. वाजवायचे रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास. राहायला एका सिनेमागृहाच्या पडद्यामागची, संडासाला लागून असलेली कोठडी. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यातला एक जण १७ वर्षांचा निघाला. त्या वयात रात्री उशिरा अशा ठिकाणी काम करण्यास मनाई असल्यामुळे पोलिसांनी त्याला देशाबाहेर काढले. ही मंडळी म्हणजे पुढे जगभर गाजलेले बीटल्स. त्यांचे भाग्य उजळले म्हणून ही कोठडी इतिहासात नोंदली गेली. ज्यांचे उजळले नाही, त्यांच्या कोठड्यांची नोंद कोणी ठेवली?

आता आजचा हिशोब मांडू. खालील आकडे कोणा एका मंडळाच्या वहीतले नव्हेत. धंद्याची घडण कळावी म्हणून आम्ही ते अंदाजाने धरले आहेत. समजा चार वादक आहेत, वीस दिवसांचा दौरा आहे आणि त्यात पंधरा कार्यक्रम ठरले आहेत. प्रत्येक कार्यक्रमाचे सरासरी ३०० युरो ठरलेले मानधन धरले तर ४,५०० युरो होतात. कार्यक्रमानंतर टेबलावर सदरे व तबकड्या विकून रोज १२० युरो आले तर आणखी १,८०० होतात. एकूण जमा ६,३०० युरो.

खर्चाची बाजू पाहा. नऊ आसनी गाडीचे भाडे रोज ९० युरोप्रमाणे १,८०० युरो. पाच हजार किलोमीटरचे डिझेल सुमारे ८५०. पथकर २००, समुद्र ओलांडण्याची फेरीबोट ३००. कार्यक्रम ठरवून देणाऱ्या दलालाचे मानधनावर १५ टक्के म्हणजे ६७५. सदरे-तबकड्या तयार करण्याचा खर्च ७००. कार्यक्रम नसलेल्या पाच दिवसांचे राहणे-खाणे रोज २००, म्हणजे १,०००. बेरीज ५,५२५ युरो. शिल्लक राहिले ७७५, माणशी १९४ युरोही पुरे नाहीत. वीस दिवसांना वाटले तर दिवसाचे दहा युरोदेखील पडत नाहीत, आणि यात वाद्यांची झीज, तारा आणि सरावाचे महिने धरलेलेच नाहीत.

पण खरी मेख पुढे आहे. पंधरापैकी एक कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला असे धरा. मानधन गेले, विक्री गेली, वर त्या दिवसाचे राहणे-खाणे खिशातून आले. दलाली आणि न विकलेला माल वजा केला तरी सव्वापाचशे युरोंच्या वर फटका बसतो. शिल्लक अडीचशेवर येते. दुसरा रद्द झाला की दौरा तोट्यात. यास्तव जाणते वादक मानधन दहा-वीस युरोंनी वाढवून घेण्यापेक्षा खाडे कमी करण्यामागे लागतात. कमी पैशांचा का होईना, पण मंगळवारी एखादा कार्यक्रम ते वाटेवरच्या गावात पदरात पाडून घेतात, कारण कार्यक्रम आहे तिथे ताटात गरम जेवण आणि रात्री अंथरूण आहे.

जेवण आणि अंथरूण ही वरकरणी क्षुल्लक बाब आहे, परंतु युरोपच्या मुख्य भूमीवरील छोट्या दौऱ्यांचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये असे कार्यक्रम करणारी पुष्कळ युवक केंद्रे व सांस्कृतिक केंद्रे नगरपालिकेच्या किंवा सरकारच्या मदतीवर चालतात. तिकीट कमी विकले गेले तरी कबूल केलेले मानधन ती देऊ शकतात. ब्रिटनमध्ये छोट्या जागांना हा आधार तुटपुंजा. तेथील म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ साली अशा जागांचा सरासरी नफा उलाढालीच्या अवघा अर्धा टक्का होता, आणि शंभरातल्या ३८ जागा तोट्यात होत्या. मालकाचीच ही गत, तर वादकाला अंथरूण कोण देणार?

फ्रान्सची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे कायदा कलाकाराला नोकरदार मानतो. एका रात्रीपुरते वाजवले तरी पगारपत्रक निघाले पाहिजे. बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम भरले की मधल्या रिकाम्या दिवसांचा बेकारी भत्ता मिळतो. एका कार्यक्रमाचे बारा तास धरतात, म्हणजे वर्षाला ४३ कार्यक्रम. २००३ साली या सवलतीवर कात्री चालवण्याचे ठरले तेव्हा कलाकारांनी संप केला आणि त्या वर्षीचा आव्हिन्यों येथील प्रसिद्ध नाट्यमहोत्सव रद्द झाला. खाड्याचीही किंमत मोजणारा असा कायदा आमच्या हमाल-फेरीवाल्यांना मिळाला तर काय बहार होईल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दिवस कसा जातो म्हणाल, तर गाडीत. सकाळी निघून तीनचारशे किलोमीटर कापायचे, दुपारी चार-पाचला पोहोचून सामान उतरवायचे, आवाज जुळवायचा, मग तीन तास बसून राहायचे. वाजवणे पाऊण तासाचे. ते संपताच घाम पुसून विक्रीच्या टेबलामागे उभे राहायचे, कारण श्रोता खिशात हात घालतो तो त्या अर्ध्या तासातच. मध्यरात्री पुन्हा सामान चढवायचे. वाद्ये रात्री गाडीत सोडली तर चोरीची धास्ती, म्हणून पुष्कळ जण ती खोलीवर वाहून नेतात. इंटरनेटवरून गाणी ऐकली जातात ना, मग त्याचे पैसे कुठे जातात, असे कोणी विचारील. स्पॉटिफाय कंपनीने २०२४ पासून वर्षात हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन देणे बंद केले आहे. त्यामुळे डिझेलचे पैसे सदऱ्यातूनच निघतात.

कागदपत्रांचा जाच अलीकडे वाढला. ब्रिटन ३१ डिसेंबर २०२० रोजी युरोपीय बाजारपेठेतून बाहेर पडले आणि तेथील वादकांना पूर्वीची मोकळीक उरली नाही. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि काम करण्याची परवानगी प्रत्येक देशाच्या कायद्याप्रमाणे पाहावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे घेऊन दिवस मोजण्याची पद्धत सुरू झाल्याने शिक्का पुसट होता ही सबबही संपली. करही जिथे वाजवले तिथेच. जर्मनीत परदेशी कलाकाराचे एका कार्यक्रमाचे मानधन २५० युरोपर्यंत असेल तर कपात नाही. त्यावर गेले की १५ टक्के आणि वर अधिभार कापून हातात पडते. मानधन २६० ठरवण्यापेक्षा २५० घेतलेले बरे, ते यामुळे.

हे सारे आपल्याकडील तबला-सतार वाजवणाऱ्यांनाही लागू आहे, कारण त्यांचेही बरेचसे दौरे अशाच छोट्या जागांचे असतात. भारतीय पारपत्रधारकाला व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो पडते, आणि व्हिसा हातात आला म्हणजे मानधन घेऊन वाजवण्याची परवानगी मिळाली असे नव्हे. ती बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारून घ्यावी. तबल्याच्या शिसवी लाकडावर जानेवारी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली. तरीही जुन्या माहितीवर अडून बसणारा अधिकारी भेटू शकतो, म्हणून सुटीचा कागद जवळ ठेवावा. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा भोपळा विमानाच्या सामानकक्षात टिकवायचा तर भक्कम पेटीला पर्याय नाही, आणि पेटीचे वजन निराळे मोजले जाते.

वाद्ये जकात न भरता नेऊन परत आणण्यासाठी कार्नेट नावाचे एक वर्ष मुदतीचे पुस्तक मिळते. भारतात ते फिक्की ही संस्था देते. त्यासाठी तारण ठेवावे लागते. त्यात प्रत्येक नग लिहिलेला असतो आणि लिहिलेला प्रत्येक नग परत यावा लागतो. परदेशातला एखादा शागीर्द वाजवून पाहतो, वाद्य त्याच्या मनात भरते, तो चांगली किंमत बोलतो आणि वादकही मोहात पडतो. परतताना जकात अधिकारी यादी वाचतो, तेव्हा एक डग्गा कमी भरतो. मग तिकडची जकात आणि दंड तारणातून वळता होतो. विकण्यासाठी न्यायचा माल या पुस्तकात मुळीच लिहू नये. त्याची रीतसर निर्यात करावी. सदऱ्यांनाही हाच नियम आहे, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात हद्दीबाहेर असल्याने तेथे शिरताना गाडीतील सदऱ्यांचे गठ्ठे मोजून दाखवावे लागतात.