आधी नकाशा, मग पुस्तक

राज्यसेवेसाठी डोंगररांगा आणि नद्या नुसत्या पाठ केल्या की पेपरात गल्लत ठरलेली. त्यापेक्षा महाराष्ट्राचा कोरा नकाशा घ्या, डावीकडे सह्याद्रीची उभी रेघ ओढा आणि उत्तरेकडून खाली या: तापी, सातमाळा-अजिंठा, गोदावरी, हरिश्चंद्र-बालाघाट, भीमा, शंभू महादेव, कृष्णा. एक नदी, एक रांग. रांग म्हणजे दोन खोऱ्यांमधला बांध, एवढं कळलं की जलविभाजकाचा प्रश्न सुटलाच समजा.

कारणंही नकाशातच सापडतात. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किमी, पण पठाराचा उतार पूर्वेकडे. म्हणून बाई १,४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते! महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की त्याचा पाव भागही नाही. पर्जन्यछाया ती हीच.

वाचायला राज्य मंडळाची सहावी ते बारावीची पुस्तकं आधी. क्लासच्या जाडजूड नोट्स नंतर, तेही वेळ उरला तर. सीमावर्ती जिल्हे मात्र सोडू नका: सिंधुदुर्गला गोवा आणि कर्नाटक, नांदेडला कर्नाटक आणि तेलंगणा, गडचिरोलीला तेलंगणा आणि छत्तीसगड. नंदुरबार आणि गोंदिया तुम्ही शोधा, कमेंटमध्ये लिहा.