बूमरांच्या आधीची म्हातारी माणसं

अमेरिकेतल्या 'बेबी बूमर' पिढीनं म्हातारपणाची कल्पनाच बदलून टाकली, हे विधान आता इतक्या ठिकाणी छापून आलं आहे की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेली ही सुमारे साडेसात कोटी माणसं. त्यांची पहिली तुकडी २०११ साली पासष्टीत पोचली, २०२६ मध्ये ती ऐंशीची होते आहे आणि २०३० पर्यंत अख्खी पिढी पासष्टीच्या पार गेलेली असेल. साठीनंतर नवा उद्योग काढणारी, पासष्टीत घटस्फोट घेणारी, मुलांकडे न जाता स्वतःच्या मर्जीनं राहणारी माणसं, असं त्यांचं चित्र रंगवलं जातं. या विषयानं मला कित्येक वर्षं झपाटलेलं आहे आणि वाचन वाढत गेलं तसं एक मत पक्कं होत गेलं. ज्याला बूमरांची नवलाई म्हणतात, त्यातलं बरंचसं त्यांच्या आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या पिढीनं आधीच घडवून ठेवलं होतं. १८८४ ते १९०५ या दरम्यान जन्मलेल्या काही हट्टी माणसांनी ते भांडून मिळवलं. बूमर त्यांचे वारसदार आहेत, आणि या वारशाची वाटणी फार विषम झाली आहे.

एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेपासून सुरुवात करायची ती केवळ तिचं नाव आजही सगळीकडे असल्यामुळे. एक जुनी शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात दिवस काढते आहे, हे तिनं पाहिलं आणि १९४७ साली निवृत्त शिक्षकांची संघटना काढली. तिच्यातूनच १९५८ मध्ये ज्येष्ठांची आजची बलाढ्य संघटना 'एएआरपी' उभी राहिली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. या संघटनेची पहिली स्थानिक शाखा ज्या गावात निघाली ते गाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. फिनिक्सजवळच्या वाळवंटातलं ते यंगटाउन. बेन श्लायफर नावाच्या, रशियातून आलेल्या एका ज्यू गृहस्थानं १९५४ मध्ये ते वसवलं. दम्यामुळे तो ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहायला आला होता. एका मित्राची वृद्धाश्रमातली अवस्था पाहून तो हादरला होता आणि सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतनाच्या तुटपुंज्या पैशांत परवडतील अशी छोटी घरं, भोवती समवयस्क शेजारी, एवढंच त्याला हवं होतं. १ जानेवारी १९६० रोजी, अगदी शेजारच्याच जमिनीवर डेल वेब या बड्या बांधकाम व्यावसायिकानं हीच कल्पना गोल्फचं मैदान आणि दुकानांसकट 'सन सिटी' म्हणून विकायला काढली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसं ती पाहून गेली. १९६२ मध्ये वेबचा चेहरा 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. श्लायफर विस्मरणात गेला. आज साठी-सत्तरीच्या माणसांसाठी बांधलेल्या ज्या वसाहती बूमरांच्या खात्यावर मांडल्या जातात, त्यांचा आराखडा पहिला बूमर चौदा वर्षांचा असतानाच तयार होता.

सन सिटीत जे पुढे घडलं ते जाहिरातींत नाही. मुलं नसलेल्या या गावातल्या रहिवाशांना शाळेसाठी कर भरायची इच्छा नव्हती. परिसरातल्या शाळांच्या बांधकामासाठी कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानाला आले की सन सिटीची मतं एकगठ्ठा विरोधात पडत. अखेर १९७४ मध्ये हे गाव त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळं काढावं लागलं. यातून वसाहतीचं खरं स्वरूप उघडं पडतं, असं मला वाटतं. वयाची भिंत घातली की शेजारच्या गावातल्या पोराचं शिक्षण हा दुसऱ्याच कुणाचा तरी खर्च होऊन बसतो.

या भिंतीला सगळ्यात खणखणीत विरोध केला तो मॅगी कून या बाईंनी. जन्म १९०५. आयुष्यभर अविवाहित, आजारी आई आणि मनोरुग्ण भाऊ यांची जबाबदारी उचललेल्या, प्रेस्बिटेरियन चर्चच्या न्यूयॉर्क कार्यालयात सामाजिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या आणि संपादन करणाऱ्या. फिलाडेल्फियाहून त्या कामावर जा-ये करत. १९७० मध्ये पासष्टी भरली तेव्हा नियमानुसार त्यांना घरी बसायला सांगण्यात आलं आणि निरोपाची भेट म्हणून शिवणयंत्र देण्यात आलं. ते त्यांनी कधी वापरलं नाही. आपल्यासारख्याच सक्तीनं निवृत्त झालेल्या पाच स्नेह्यांना त्यांनी गोळा केलं आणि एक गट काढला. पहिल्याच दिवसापासून त्यात तरुणांना जागा होती, कारण व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी विद्यार्थी पोरं आणि नोकरीवरून उठवलेली म्हातारी माणसं एकाच बाजूची आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्लॅक पँथर्स गाजत असल्यामुळे दूरचित्रवाणीच्या एका निर्मात्यानं त्यांना 'ग्रे पँथर्स' म्हटलं आणि ते नाव त्यांनी आनंदानं उचललं. वृद्धांसाठीच्या वेगळ्या वसाहती म्हणजे सजवलेली पाळणाघरं आहेत, अशा आशयाची टीका त्या जाहीरपणे करत. १९७४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये निवृत्तिवेतनाच्या कायद्यावर सही होत असताना राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कौतुकानं त्यांना 'तरुण बाई' म्हणून हाक मारली. मी तरुण नाही, पुष्कळ जगलेली म्हातारी बाई आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे ऐकवलं. कून यांचा सगळा लढा मला या एका उत्तरात दिसतो. श्लायफरनं गावाच्या नावातच तारुण्य घातलं होतं, आजच्या जाहिरातीही साठीच्या माणसाला 'तुम्ही अजून तरुणच' म्हणून गोंजारतात. कून यांना म्हातारपणाची लाज काढून टाकायची होती, आणि त्यासाठी ते लपवणं त्यांना मान्य नव्हतं. आजही मला त्यांचंच बरोबर वाटतं.

सक्तीच्या निवृत्तीविरुद्धच्या या चळवळीचं फळ संसदेत मिळालं ते १९०० साली जन्मलेल्या क्लॉड पेपर या लोकप्रतिनिधीच्या चिकाटीमुळे. १९७८ मध्ये बहुतेक नोकऱ्यांतली निवृत्तीची सक्ती पासष्टीवरून सत्तरीवर गेली आणि १९८६ मध्ये ती वयाची अटच जवळजवळ रद्द झाली. पण हे १९७८ साल दुहेरी आहे, आणि या लेखाचा माझ्या दृष्टीनं हाच गाभा आहे. त्याच वर्षी झालेल्या महसूल कायद्यात '४०१-के' नावाचं एक छोटंसं कलम घातलं गेलं. पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी त्याचा आधार घेऊन खात्रीची पेन्शन बंद करत आणली आणि त्या जागी कर्मचाऱ्यानं स्वतःच्या पगारातून साठवायची, शेअर बाजारावर हिंदकळणारी खाती आणली. १९८३ मध्ये सोशल सिक्युरिटीची पूर्ण रक्कम मिळण्याचं वयही टप्प्याटप्प्यानं वाढवायचं ठरलं. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते आता सदुसष्ट आहे. म्हातारपणी काम करण्याचा हक्क आणि म्हातारपणी काम करत राहण्याची गरज, दोन्हींचा पाया एकाच वर्षी घातला गेला. पासष्टीनंतरही काम करणाऱ्यांचं प्रमाण ऐंशीच्या दशकात अकरा टक्क्यांच्या आसपास होतं, ते आता एकोणीस टक्क्यांच्या घरात आहे. हा आकडा बूमरांच्या उत्साहाचा पुरावा म्हणून दाखवतात. त्यातला उत्साह किती आणि गरज किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक पिढी आधीच्यांच्या खांद्यावरच उभी असते, म्हणून बूमरांचं श्रेय का काढून घ्यायचं? आक्षेप रास्त आहे, आणि एका बाबतीत मी तो पूर्णपणे मान्य करते. संसार मोडण्याचं धाडस त्यांचंच. बोलिंग ग्रीन विद्यापीठातल्या सुझन ब्राउन आणि आय-फेन लिन या समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की पन्नाशीपुढच्या घटस्फोटांचं प्रमाण १९९० ते २०१० या वीस वर्षांत दुप्पट झालं. २०१० मध्ये दर चार घटस्फोटांपैकी एक या वयातला होता. स्वतःची नोकरी आणि स्वतःचं खातं असलेल्या बायकांची ही पहिली मोठी पिढी. पन्नास-साठाव्या वर्षी 'आता पुरे' म्हणण्याची सोय त्यांच्या आयांना नव्हती. हे खरं परिवर्तन आहे, पण त्याचा परिणाम पुन्हा घर आणि पैसा यांवरच येऊन थांबतो. एका घराची दोन घरं होतात, साठवण अर्धी होते, आणि एकट्या राहणाऱ्या बाईला भाडं एकटीनं भरावं लागतं.

दुसरा आक्षेप श्रीमंतीचा. देशातली निम्म्याच्या आसपास घरगुती संपत्ती बूमरांकडे आहे, मग गरजेची भाषा कशाला? कारण ती संपत्ती पिढीच्या नावावर असली तरी सगळ्यांच्या खात्यावर नाही. पत्रकार जेसिका ब्रुडर यांचं 'नोमॅडलँड' हे २०१७ सालचं पुस्तक २००८ च्या मंदीनंतर घर गमावून व्हॅनमध्ये राहू लागलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांवर आहे. हंगामापुरती ती ॲमेझॉनच्या गोदामांत माल हलवत, बीट काढत, कॅम्पची स्वच्छतागृहं धूत. हिवाळ्यात त्यांचा मोठा मेळा भरतो तो क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या वाळवंटात. हे गाव ॲरिझोनातच आहे, सन सिटीहून मोटारीनं दोनेक तासांवर. एकाच राज्यातल्या एकाच वाळवंटात एकाच वयाची माणसं, एकीकडे गोल्फ खेळणारी आणि दुसरीकडे गाडीच्या टपाखाली झोपणारी. या दोन्हींना मिळून 'नवं वार्धक्य' म्हणणं ही मला अन्यायाची भाषा वाटते.

आणि भिंती अजून वाढताहेतच. मध्य फ्लोरिडातलं पंचावन्नच्या पुढच्यांसाठीचं 'द व्हिलेजेस' २०१० ते २०२० या दशकात देशातलं सगळ्यात वेगानं वाढलेलं महानगर क्षेत्र ठरलं. त्याच भागात, टव्हेरिस गावात, इगी इग्नेशियस यांनी भारतीयांसाठी 'शांतिनिकेतन' ही वसाहत उभी केली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेले आपले डॉक्टर-इंजिनिअर आता त्याच वयाचे आहेत. मराठी मंडळांतून निवृत्तीनंतरच्या राहण्याची चर्चा होते तेव्हा वरणभात, देवघर आणि आपल्या भाषेत बोलणारं माणूस या गोष्टी हमखास निघतात. परक्या देशात म्हातारं होताना ही ओढ स्वाभाविक आहे, तिला मी दोष देणार नाही. पण वयाबरोबर भाषेचीही भिंत घातली, तर जिथे चाळीस वर्षं काढली त्या गावातल्या शाळेशी आणि ग्रंथालयाशी नातं उरणार कसं, हा कून यांचा प्रश्न तिथेही लागू पडतो. खुद्द श्लायफरच्या यंगटाउनमध्ये तो फार कठोरपणे विचारला गेला. नव्वदच्या दशकात घरच्या छळाला कंटाळून आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या एका किशोरवयीन नातवाला गावानं वयाच्या नियमावर बोट ठेवून बाहेर काढायचं ठरवलं. आजी-आजोबा हटले नाहीत. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये गावाची वयाची अटच संपली.

कून यांनी टीकेपुरतं थांबायचं नाही म्हणून दुसरा मार्ग स्वतः जगून दाखवला होता. फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउन भागातल्या आपल्या घरात त्या रक्ताचं नातं नसलेल्या, पुष्कळदा निम्म्या वयाच्या माणसांबरोबर राहत. १९८१ मध्ये अशा सामायिक घरांना मदत करणारं केंद्रही त्यांनी काढलं. १९९५ मध्ये त्या गेल्या. आज घटस्फोटित किंवा एकट्या बूमर बायका एकत्र घर करून राहताना दिसतात ते हेच. परवडणारं, वयाची भिंत नसलेलं, एकमेकींच्या उशाशी कुणीतरी असलेलं राहणं, आणि माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातली सगळ्यात आशेची गोष्ट. मात्र अनेक अमेरिकी गावांत ते अडतं एका नियमावर, की नात्यात नसलेल्या अमुक इतक्याच माणसांनी एका घरात राहावं. या नियमाला सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का मिळाला तो १९७४ मध्ये, लाँग आयलंडवरच्या बेल टेअर गावाच्या खटल्यात. तिथे दोनाहून जास्त बिननात्याची माणसं एका घरात राहू शकत नव्हती आणि गावाला हाकलायचे होते ते एकत्र घर घेऊन राहणारे सहा विद्यार्थी. निकाल गावाच्या बाजूनं लागला. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवलं. ते विद्यार्थी विशीतले होते, म्हणजे बूमरच. त्या वयातल्या पोरांना रोखायला टिकवलेला कायदा आज सत्तरीतल्या त्याच पिढीला एकत्र राहू देत नाही. आयोवा, ऑरेगॉन, वॉशिंग्टन या राज्यांनी अशा मर्यादा उठवल्या, २०२४ मध्ये कोलोरॅडोनंही तसा कायदा केला. बाकी बहुतेक राज्यांत त्या अजून गावांच्या मर्जीवर आहेत, आणि त्या गावांच्या निवडणुकीत सर्वात नेमानं मतदान करणारी माणसं बूमर आहेत.