दायमाबादची कांस्यशिल्पे आणि पुराव्याचा अर्थ : एक आंतरविद्याशाखीय विवेचन

प्रस्तावना

‘पुरावा’ हा शब्द सर्वच ज्ञानशाखांत रूढ आहे. परंतु त्याचा आशय सर्वत्र एकच असतो असे नाही. इतिहासकार दस्तऐवजाकडे पाहतो, पुरातत्त्वज्ञ मातीच्या थराकडे, रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्यांच्या प्रमाणाकडे, तर कलेचा अभ्यासक शैलीकडे. एका शाखेतील निष्कर्ष दुसऱ्या शाखेत उद्धृत केला जातो तेव्हा निष्कर्ष तेवढा उचलला जातो. तो ज्या गृहीतकांवर उभा असतो ती मूळ जागीच राहतात. आंतरविद्याशाखीय संशोधनातील अनेक वादांचे मूळ येथे आहे. प्रस्तुत लेखात दायमाबाद येथील कांस्यशिल्पांच्या कालनिश्चितीच्या वादाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

दायमाबादचा शोध

दायमाबाद हे स्थळ अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी आहे. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी ते उजेडात आणले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातर्फे एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे तीन वेळा उत्खनन झाले. त्यांतून सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा पाच संस्कृतींचा क्रम स्पष्ट झाला.

१९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला झुडपाच्या मुळाशी खोदताना चार भरीव धातुशिल्पे सापडली : दोन बैल जुंपलेला रथ व त्यातील पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. रथाची लांबी सुमारे ४५ सें.मी. आहे. एवढ्या आकाराची भरीव ओतीव प्राणिशिल्पे या काळातील अन्य स्थळांवर आढळत नाहीत. ती पद्धतशीर उत्खननात मिळालेली नव्हती, ही बाब पुढील संपूर्ण चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दोन शाखा, दोन उत्तरे

देशपांडे, राव, साळी तसेच म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे इ. स. पू. २००० च्या आसपासची मानली. याउलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक घटकांच्या आधारे ती ऐतिहासिक काळातील असण्याची शक्यता मांडली. शिल्पांतील सोमलाचे (आर्सेनिकचे) प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगीन अन्य वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

प्रथमदर्शनी हा वाद ‘प्रयोगशाळा विरुद्ध उत्खनन’ असा वाटतो आणि प्रयोगशाळेकडे झुकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना अनुमानाचाच आधार आहे. सोमलाचे प्रमाण हे मापन आहे. त्यावरून काळ ठरविणे हे मापन नव्हे. सोमल मूळ खनिजातूनही येऊ शकते अथवा हेतुतः मिसळलेले असू शकते. शिवाय मोहेंजोदडो येथील काही ताम्रवस्तूंतही सोमल आढळलेले आहे. त्यामुळे तुलनेसाठी कोणता वस्तुसमूह निवडला, यावर उत्तर बदलू शकते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितक्याच काटेकोरपणे तपासावयास हवा. दायमाबाद येथे उत्तर हडप्पा वस्ती होती, हे तेथील मृद्भांडी आणि सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा यांवरून दिसते. परंतु स्थळावर त्या काळाची वस्ती होती, एवढ्यावरून तेथे सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच काळाची ठरत नाही. निक्षेप नंतरच्या काळातही पुरला जाऊ शकतो. सिंधू मुद्रांवर गेंडा आढळतो हे साम्य सूचक आहे, निर्णायक नाही. कार्बन-१४ पद्धतही येथे थेट उपयोगी नाही. ती सेंद्रिय द्रव्याचे वय सांगते, धातूचे नव्हे. थरातील कोळशाचे वय निश्चित झाले तरी शिल्पाचा त्या थराशी असलेला संबंध स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

व्याप्तीचा प्रश्न

भारतीय न्यायदर्शनाची परिभाषा येथे उपयुक्त ठरते. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती आधी प्रस्थापित झालेली असते. ‘जेथे सोमल अधिक तेथे ऐतिहासिक काळ’ अथवा ‘जेथे उत्तर हडप्पा वस्ती तेथील निक्षेपही त्याच काळाचा’ या विधानांची व्याप्ती तशी प्रस्थापित आहे काय? नसल्यास हेतू सव्यभिचार ठरतो. म्हणजे तो साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळू शकतो. वाद वस्तुस्थितीचा नसून व्याप्तीचा आहे, हे ओळखल्यास दोन शाखांना एकमेकींशी अर्थपूर्ण संवाद साधता येतो.

संशोधन व मार्गदर्शनासाठी काही निकष

या उदाहरणावरून संशोधक, मार्गदर्शक आणि परीक्षक यांना पुढील प्रश्न उपयोगी पडतील :

१. मूळ निरीक्षण कोणते आणि त्यावरील अर्थनिर्णय कोणता?
२. निरीक्षणाला निष्कर्षाशी जोडणारा नियम किती नमुन्यांवर आधारलेला आहे?
३. दोन शाखांचे पुरावे खरोखर स्वतंत्र आहेत, की एकाने दुसऱ्याचे उत्तर आधीच गृहीत धरले आहे?
४. कोणता नवा पुरावा मिळाल्यास आपण निष्कर्ष बदलू?

यांपैकी तिसरा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पुरातत्त्वज्ञाने सुचविलेला काळ गृहीत धरून प्रयोगशाळेने अर्थ लावला आणि त्याच अर्थाचा आधार पुरातत्त्वज्ञाने पुन्हा घेतला, तर साक्षीदार दोन दिसतात. साक्ष मात्र एकच असते.

समारोप

दायमाबादच्या शिल्पांचा काळ ठरविण्यावर दख्खनमधील धातुकलेचा इतिहास मोठ्या प्रमाणावर अवलंबून आहे. ती इ. स. पू. २००० च्या सुमाराची असतील, तर प्रवरेच्या खोऱ्यातील कारागिरीचे चित्र एका प्रकारे उभे राहते. नंतरची असतील, तर अगदी वेगळ्या प्रकारे. बहुसंख्य पुरातत्त्वज्ञांचे मत पहिल्या पक्षाकडे झुकते. तथापि अग्रवाल यांच्या आक्षेपामुळे त्या मताचा आधार नेमका कोठे पक्का आणि कोठे अपुरा आहे हे दिसून आले, हे त्याचे मोल होय. अन्य शाखेचा पुरावा स्वीकारणे म्हणजे तिच्या अधिकारापुढे मान तुकविणे नव्हे. तिच्या पद्धतीची मर्यादा समजून घेण्याची जबाबदारी पत्करणे होय. हा विवेक विद्यार्थ्यांत रुजविणे हे आंतरविद्याशाखीय अध्यापनाचे महत्त्वाचे उद्दिष्ट मानले पाहिजे.