विश्लेषण : एका सरकारी शाळेतून नऊ 'नोबेल' मानकरी कसे घडले?

न्यूयॉर्कमधील 'ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स' या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नऊ नोबेल मानकरी आहेत. त्यांपैकी सात एकट्या भौतिकशास्त्रातले. शाळा महागडी नाही, निवासी नाही, खासगी तर नाहीच. शहराच्या करातून चालणारी ही शाळा मोफत आहे. तरीही तिच्या प्रवेशावरून न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे वाद सुरू आहे.

शाळा नेमकी कशी आहे?

आपल्याकडे पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहिले असले, की शुल्काचा आकडा ऐकून घाम फुटतो. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. ब्रॉन्क्स सायन्स १९३८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती फक्त मुलांसाठी होती. मुलींना प्रवेश मिळू लागला १९४६ पासून. क्लॉडिया गोल्डिन यांचा जन्म त्याच वर्षीचा. त्या १९६३ मध्ये याच शाळेतून बाहेर पडल्या आणि स्त्रियांच्या रोजगार व वेतनाच्या अभ्यासासाठी २०२३ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी ठरल्या. शाळेने दार उघडले नसते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

इतके नोबेल एकाच शाळेत कसे?

शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे १९५० च्या तुकडीतले वर्गमित्र. दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. पुढे कण-भौतिकशास्त्रज्ञ झालेला जेराल्ड फाइनबर्ग हा त्यांचा आणखी एक मित्र. शाळेत जाता-येता भुयारी रेल्वेत ही मुले एकमेकांना भौतिकशास्त्र शिकण्यासाठी डिवचत, असे ग्लाशो यांनी नमूद केले आहे. पुढे ग्लाशो आणि वाइनबर्ग कॉर्नेल विद्यापीठातही बरोबरच शिकले. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण केंद्रकीय बल यांना एका सूत्रात बांधणाऱ्या सिद्धांतासाठी १९७९ मध्ये त्यांना पाकिस्तानच्या अब्दुस सलाम यांच्यासह नोबेल मिळाले.

रसेल हल्स आणि डेव्हिड पोलित्झर हेही एकाच, १९६६ च्या तुकडीतले. नोबेल वेगवेगळे, १९९३ आणि २००४ चे. लिऑन कूपर, मेल्विन श्वार्ट्झ, रॉय ग्लॉबर आणि रसायनशास्त्रातले रॉबर्ट लेफकोविट्झ ही उरलेली नावे. खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसन, कादंबरीकार ई. एल. डॉक्टरो आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील नेते स्टोकली कारमायकल हेही इथलेच.

श्रेय शाळेचे की निवडीचे?

खरा पेच इथे आहे. शहरभरातून हुशार मुले वेचून एका छताखाली आणली, तर त्यांचे यश शाळेचे कसे म्हणायचे? अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन व न्यूयॉर्कमधील अशा शाळांचा अभ्यास केला. कट-ऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. प्रवेश मिळालेल्यांना वर्गमित्र बरेच हुशार मिळाले, पण पुढच्या परीक्षांतील गुणांत मात्र फारसा फरक पडला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष शाळाप्रेमींना झोंबणारा होता. अर्थात, तो काठावरच्या मुलांबाबत आहे. ग्लाशो-वाइनबर्ग यांच्यासारखी मुले काठावर नसतात, आणि भुयारी रेल्वेतल्या गप्पांचे गुण कोणत्याच परीक्षेत मिळत नाहीत.

मग वाद कशाचा?

प्रवेश एकाच परीक्षेवर ठरतो. आठवीतील मुले ती देतात. शाळेतले आधीचे गुण, शिक्षकांचे मत काहीही धरले जात नाही. १९७१ च्या हेक्ट-कलँड्रा कायद्याने ब्रॉन्क्स सायन्स, स्टायव्हेसंट आणि ब्रुकलिन टेक या शाळांसाठी ही पद्धत बंधनकारक झाली. शहरातील सरकारी शाळांत सुमारे दोन तृतीयांश मुले कृष्णवर्णीय व लॅटिनो आहेत, पण या परीक्षेतून मिळणाऱ्या जागांत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. २०१९ मध्ये स्टायव्हेसंटने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यांत कृष्णवर्णीय होते अवघे सात.

तत्कालीन महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्ये परीक्षाच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. विरोधात सर्वांत पुढे होते आशियाई पालक. या जागांपैकी निम्म्याच्या आसपास त्यांच्या मुलांना मिळतात आणि त्यांतील अनेक कुटुंबे गरीब, नव्याने आलेली आहेत. वशिला नाही, मुलाखत नाही, इंग्रजी अस्खलित बोलणारे आईबाप लागत नाहीत; त्यांच्या दृष्टीने परीक्षा हाच न्याय. त्याच परीक्षेच्या शिकवण्यांवर ही कुटुंबे पोटाला चिमटा काढून खर्च करतात, ही दुसरी बाजू.

कायदा राज्याचा असल्याने महापौरांचे काही चालले नाही आणि २०१९ मध्ये विधेयक बारगळले. शहराच्या हातात उरली 'डिस्कव्हरी' योजना : कट-ऑफच्या थोडे खाली राहिलेल्या गरीब मुलांना उन्हाळी वर्ग पूर्ण केल्यावर प्रवेश. तिच्यासाठी प्रत्येक शाळेतील २० टक्के जागा ठेवण्याचे ठरले, तर त्याविरुद्धही काही पालक व संघटना न्यायालयात गेल्या.