इंजिनाचा ताप आणि पाण्यातले तेल

अंगात ताप भरला म्हणजे आपण थर्मामीटर लावतो. पण ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असते. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण हे साधे शहाणपण विसरतो. काटा लाल रेघेकडे गेला की पाणी ओतायचे, नाहीतर मिस्त्री सांगेल ते मुकाट्याने कबूल करायचे! खरे पाहता थोड्या क्रमाने विचार केला, तर तापाचे मूळ आपल्यालाही बरेचसे ताडता येते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो. गाडी माझ्या एका सहकाऱ्यांची, डिझेलची, बरीच जुनी. निम्मा घाट चढलो आणि काटा वर गेला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले. सहकारी हातावर रुमाल गुंडाळून पाण्याचे झाकण फिरवणार, तोच मी त्यांचा हात धरला. "अहो, थांबा! तोंड भाजून घ्याल."

यात भित्रेपणा नाही, पदार्थविज्ञान आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळते. पण इंजिनातले पाणी कोंडलेले असते. झाकणाची स्प्रिंग त्यावर हवेपेक्षा सुमारे एक वातावरण जास्त दाब ठेवते, त्यामुळे साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि पाण्याची क्षणात वाफ होऊन ती अंगावर येते. तेव्हा इंजिन बंद करावे आणि हाताला नळी कोमट लागेपर्यंत, अर्धा तास तर अर्धा तास, स्वस्थ बसावे. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही वाईट. धातूला तडा जाऊ शकतो.

आणखी एक फसवी गोष्ट सांगतो. पाणी अगदीच संपले, तर तापमान मोजणारा भाग कोरडा पडतो आणि चढलेला काटा खाली येतो! चालकाला वाटते, संकट टळले. वास्तविक ते तेव्हाच सुरू झालेले असते.

आता निदानाकडे वळू. इंजिनाभोवतीच्या पोकळीतून पंप पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट नावाची झडप ते तापल्यावर रेडिएटरकडे सोडते, आणि तिथे वारा त्याला थंड करतो. गाडी *कधी* तापते, हे लक्षात ठेवले की यातला दोषी सापडतो. सिग्नलपाशी काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो? संशय पंख्यावर घ्या. धावत्या गाडीला वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच घालावा लागतो. गर्दीत ठीक, पण घाटात ताप? रेडिएटर चोंदला असेल किंवा पंप दुबळा झाला असेल. काटा वर, पण रेडिएटर मात्र थंडगार? मग थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकला असावा. या सर्वांआधी अर्थातच पाणी पुरेसे आहे ना आणि गळत नाही ना, हे पाहायचे.

आमच्या गाडीत पाणी होते. पण झाकण उघडल्यावर त्यावर मातकट रंगाचा, सायीसारखा चिकट थर दिसला. पाण्यात तेल! गाडी ओढून घाटाखाली नेली. गॅरेजातल्या मिस्त्रींनी बोट बुडवले आणि निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय, सर. इंजिन उघडावं लागेल." सहकाऱ्यांचा चेहरा उतरला. मुलीच्या प्रवेशाची फी त्याच महिन्यात भरायची होती.

न्यायशास्त्रात एक जुने उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणावे. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असे म्हणू नये, कारण तापल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. तसेच इथे आहे. गॅस्केट फुटले तर पाण्यात तेल येऊ शकते. पण पाण्यात तेल आले म्हणून गॅस्केटच फुटले, हे अनुमान कच्चे आहे.

तेल पाण्यात शिरण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली हेड गॅस्केटची, किंवा हेडला गेलेल्या तड्याची. दुसरी ऑइल कूलरची. त्यात तेल आणि पाणी पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात, आणि पत्रा किंवा रबरी सील गेले की ती एकत्र येतात. तिसरी वाट ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांत असते. तिथे गिअरचे तेल रेडिएटरमध्येच थंड होते आणि फुटल्यावर पुष्कळदा गुलाबीसर फेस दिसतो.

गॅस्केट जळणाच्या बाजूने फुटले असेल, तर पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात, गार इंजिन सुरू करताच नळ्या दगडासारख्या कडक होतात आणि मागून पांढरा धूर निघत राहतो. शिवाय एक निळे रसायन मिळते. पाण्याच्या टाकीवरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळे झाले, तर जळणाचा वायू पाण्यात येतो आहे असे समजावे. आमच्याकडे यातले काहीच नव्हते. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर तेल स्वच्छ, फक्त पातळी उतरलेली. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, म्हणून तेल पाण्यात घुसते. पट्टीवर पांढुरके, ताकासारखे तेल आले असते, तर पाणीही उलट शिरले असे ठरले असते, आणि मग इंजिन सुरू करणेसुद्धा धोक्याचे. मात्र नुसत्या तेलाच्या झाकणाखाली जमलेल्या सायीला भिऊ नये. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते.

मी मिस्त्रींना एवढेच म्हटले, "इंजिन उघडायचंच तर उद्या उघडा, आज कूलर तेवढा काढून बघाल का?" माणूस भला. कूलर काढून, एक तोंड बंद करून, हवेचा दाब देऊन त्यांनी तो पाण्यात बुडवला. एका कडेने बुडबुड्यांची माळ निघाली. "तुमचं खरं निघालं, सर," ते हसून म्हणाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार थोडक्यात टळला.

कूलर बदलून काम मात्र संपत नाही. तेलाचा थर उष्णता अडवतो आणि रबरी नळ्या फुगवून मऊ करतो. म्हणून सारी व्यवस्था साबणी द्रावणाने वारंवार धुवावी, फुगलेल्या नळ्या बदलाव्यात आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरावे. दोन भिन्न जातींची कूलंटे मिसळली, तर त्यांचाही चिखल होऊ शकतो आणि पुन्हा तेलाचाच भास होतो.

काटा चढला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण "एवढा घाट चढून जाऊ" म्हणून गाडी दामटू मात्र नका. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. फार तापले की हेड वाकते, आणि मग न फुटलेले गॅस्केटही खरोखरच फुटते. थांबा, गार होऊ द्या, लक्षणे एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन गॅरेजात जा.