दोन टाक्यांचा जमाखर्च

ज्या देशात एका पेट्रोल पंपापासून दुसऱ्या पेट्रोल पंपापर्यंत कित्येकदा निर्मनुष्य माळ तुडवीत जावे लागते, जेथे एकेका शेतकऱ्याचे कुरण आपल्याकडील दोन-चार गावांची शिवारे सामावून घेईल एवढे विस्तीर्ण असते, आणि जेथे १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरल्यावर पेट्रोलसाठी लागलेल्या लांबच लांब रांगा एका संपूर्ण पिढीने डोळ्यांनी पाहिल्या, त्या अमेरिकेत पिकअप ट्रकला एकीऐवजी दोन टाक्या जोडून देण्याचा प्रघात रूढ झाला, यात नवल करण्यासारखे काही नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील फोर्ड कंपनीचा एफ-१५० हा ट्रक या प्रघाताचा उत्तम नमुना होय. एक टाकी चेसिसच्या मधल्या भागात बाजूला, दुसरी पार मागे, मागच्या अॅक्सलच्याही पलीकडे. दोन्ही मिळून सव्वाशे ते दीडशे लिटर पेट्रोल सहज मावे, आणि लिटरला जेमतेम पाच-सहा किलोमीटर धावणाऱ्या या अवजड वाहनास तेवढ्या शिदोरीवर सातशे किलोमीटरांचा पल्ला गाठता येई. डॅशबोर्डावर एक साधे बटण असे. पुढची टाकी संपत आली की ते दाबावयाचे आणि मागच्या टाकीवर निर्धास्त पुढे जावयाचे, एवढाच चालकाचा व्यवहार.

आपल्याकडील जुन्या मोटारसायकलींवर व स्कूटरींवर ज्यांची हयात गेली, त्यांना ही व्यवस्था ‘रिझर्व्ह’च्या कॉकसारखीच वाटेल, परंतु साम्य वरवरचे आहे. आपल्या रिझर्व्हला वेगळी टाकी नसते. एकाच टाकीत दोन नळ्या, एक उंच उभी आणि दुसरी तळाशी टेकलेली, आणि उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल उतरले की गाडी आचके देते, एवढीच ती युक्ती. तिच्यात बिघडण्याजोगे फारसे काही नसल्यामुळे ती बिघडतही नाही. अमेरिकन ट्रकाच्या दोन टाक्या मात्र खरोखरच स्वतंत्र असतात. प्रत्येकीचा काटा हलविणारा फ्लोट आणि नळ्यांची जोडी निरनिराळी, पुष्कळदा पंपही वेगळा, आणि या दोन स्वतंत्र संस्थानांमध्ये मध्यस्थी करावयास कोठेतरी एखादी झडप ठेवलेली. जुन्या गाडीच्या टाक्यांविषयी तक्रार आली, की अनुभवी मिस्त्री टाक्यांपेक्षा या मध्यस्थाकडेच प्रथम संशयाने पाहतो, आणि बहुधा त्याचा संशय खरा ठरतो.

याचे कारण समजण्यासाठी पेट्रोलचा प्रवास थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. कार्ब्युरेटरच्या काळात पंपाने लागेल तेवढेच पेट्रोल वर चढवावे आणि इंजिनाने ते पिऊन टाकावे, असा बहुतांशी एकेरी कारभार होता. फ्युएल इंजेक्शन आल्यावर तो पालटला. टाकीतला विजेचा पंप आता इंजिनाच्या गरजेपेक्षा कितीतरी पट अधिक पेट्रोल सतत मोठ्या दाबाने पाठवीत राहतो. इंजिन त्यातले हवे तेवढे उचलते, आणि उरलेले दुसऱ्या नळीने टाकीकडे परत येते. टाकी एकच असेल तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण जेथून गेले तेथेच ते परत पडते. टाक्या दोन झाल्या की मात्र ज्या खात्यातून रक्कम उचलली त्याच खात्यात शिल्लक जमा होते की नाही, हे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. १९९० च्या सुमारास फोर्डने ही जबाबदारी प्रत्येक टाकीतल्या पंपाच्या डब्यातच बसविलेल्या दोन लहानशा झडपांवर सोपविली: एक झडप इंजिनाकडे निघालेले पेट्रोल दुसऱ्या टाकीत शिरू देत नाही, आणि दुसरी आपला पंप चालू असेल तेव्हाच परतीचा दरवाजा उघडते. कल्पना सुबक होती, यात शंका नाही. पण झडपा लहान, आणि पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे बुडालेल्या.

त्या झिजल्या म्हणजे जे घडते ते प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटते. मागची टाकी वापरीत गाडी चालविली असता तिचा काटा धडाधड खाली येतो आणि पुढच्या टाकीचा काटा मात्र, तिच्यात एक थेंबही न ओतता, वर चढू लागतो. चालकाला वाटते, गाडी एकाएकी भलतेच पेट्रोल पिऊ लागली. पुढची टाकी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर झाकणातून पेट्रोल उतू जाऊन रस्त्यावर सांडते, आणि मग गोष्ट नुसत्या पैशाच्या हानीची राहत नाही. १९९३ साली फोर्डला १९९० ते १९९३ या काळातील दोन टाक्यांचे ट्रक याच दोषापायी दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले, यावरून हा दोष एखाददुसऱ्या गाडीपुरता नव्हता हे उघड होते.

येथे नवशिका मिस्त्री हमखास फसतो. मागची टाकी रिकामी होते आहे, सबब दोष मागच्या टाकीत असला पाहिजे, असा सरळ हिशेब मांडून तो मागचा पंप बदलतो, आणि दोष जागच्या जागी राहतो. वास्तविक अपराधी असते ती जिच्यात पेट्रोल साचते ती टाकी. तिच्या झडपेने दार लावून घ्यावयास हवे होते, ते तिने उघडे टाकले. दोन झडपांपैकी नेमकी कोणती निकामी झाली, हेही ताडता येते. दाबमापक जोडून पाहावा: या ट्रकांच्या व्ही-८ इंजिनात, चावी फिरवून इंजिन सुरू न करता, पंपाचा दाब साधारण ३५ ते ४५ पौंड भरला पाहिजे, सहा सिलिंडरांच्या इंजिनात तो ५० ते ६० पर्यंत जातो. दाब यथास्थित असूनही दुसरी टाकी भरत असेल तर परतीची झडप गळते आहे, आणि दाबही कमी पडत असेल तर जाणारे पेट्रोलच वाटेत दुसरीकडे वळते आहे, असे समजावे.

दोन टाक्यांची गाडी मिस्त्रीला एक मोठी सवलत देते, आणि तिचा लाभ न घेणारे लोक पाहिले म्हणजे मला त्यांची कीव येते. एकटाकी गाडी बंद पडली तर पंपापासून इंजिनापर्यंत सगळेच संशयित. येथे मात्र नुसते बटण दाबून अर्धा तपास उरकतो. एका टाकीवर गाडी सुरळीत चालते आणि दुसरीवर अडखळते, तर फिल्टर, इंजेक्टर, दाब राखणारा रेग्युलेटर व पुढची सगळी यंत्रणा एका क्षणात निर्दोष ठरते, कारण ती दोन्ही टाक्यांना सामाईक आहे. उलट दोन्ही टाक्यांवर गाडी मुळीच सुरू होत नसेल, तर दोन पंप एकाच सकाळी निकामी होणे हा योग इतका दुर्मिळ की, त्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. अशा वेळी आधी फ्यूज, मग रिले, आणि त्यानंतर प्रवाशाच्या पायापाशी दडविलेला एक स्विच पाहावा. अपघातात पंप आपोआप बंद पडावा म्हणून तो बसविलेला असतो. पण खडबडीत रस्त्यावरच्या एखाद्या जोराच्या हादऱ्यानेही त्याचे बटण कधीकधी वर उडते, आणि ते पुन्हा खाली दाबणे एवढीच दुरुस्ती असताना भल्याभल्यांनी नवे पंप विकत घेतले आहेत.

एकच टाकी काम देत नसेल तर कानांचा उपयोग करावा. आजूबाजूचे आवाज बंद करवून, टाकीच्या झाकणाशी कान नेऊन, दुसऱ्या माणसाला चावी फिरवावयास सांगावे. पंप सुस्थितीत असेल तर एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. ती आलीच नाही तर टाकी खाली उतरविण्यापूर्वी पंपाच्या वायरींत वीज पोचते की नाही हे मीटर लावून पाहावे. डॅशबोर्डावरचे ते निरुपद्रवी दिसणारे बटण पंपाची सगळी वीज स्वतःतून वाहून नेते. वीस-पंचवीस वर्षांत त्याचे संपर्कबिंदू जळतात, मागचे प्लॅस्टिकचे सॉकेट वितळून तपकिरी होते, आणि काट्याची वायर त्याच बटणातून स्वतंत्रपणे जात असल्यामुळे काटा मात्र आज्ञाधारकपणे हललेला दिसतो. काटा हलला म्हणजे बटण ठीक आहे, असे मानणाऱ्याची येथे फसगत होते. मागच्या टाकीची अर्थिंगची वायरही पाहून घ्यावी. चिखल आणि मीठ यांचा मारा तिच्यावरच होतो, कारण अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात.

काट्याची तक्रार पुष्कळदा खोटी असते. फ्लोटला छिद्र पडून तो बुडाला की भरलेली टाकी रिकामी दिसते. शिवाय फोर्डने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काट्याच्या विद्युत्-रोधाचे मान उलटे केले. जुन्या गाडीत नव्या पद्धतीचा भाग बसविला तर काटा भरलेल्या टाकीला रिकामी आणि रिकामीला भरलेली म्हणतो. भंगारातून भाग आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

डिझेलच्या आणि काही कार्ब्युरेटरच्या ट्रकांत मध्यस्थीचे काम सहा तोंडांच्या एका झडपेकडे असे. दोन टाक्यांच्या चार नळ्या आणि इंजिनाच्या दोन, अशी सहा तोंडे. आत एक चिमुकली मोटर, जी विजेची दिशा उलटली की उलट फिरते. बटण दाबताच चेसिसच्या बाजूने तिची घरघर ऐकू आली पाहिजे. ती मधेच अडकली तर एका टाकीतून उचल आणि दुसरीत परतफेड, असा वर वर्णिलेलाच प्रकार होतो. डिझेलमध्ये आणखी एक छुपा दोष संभवतो. तेथील पंप इंजिनाजवळ असून तो तेल ओढून घेतो, ढकलीत नाही. त्यामुळे झडपेचे रबर झिजले तर बाहेर थेंबही गळत नाही, उलट हवा आत शिरते, आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हावयास नकार देते. नळीच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी जोडून तिच्यात बुडबुडे येतात का हे पाहणे, ही याची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची परीक्षा.

एका टाकीतले पेट्रोल दुसरीत जाण्याचा दोष केवळ शेतकऱ्यांच्या ट्रकालाच जडला असे मात्र नाही. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या इंग्लंडच्या जॅग्वार एक्सजे-६ या उमराव मोटारीच्या मागच्या दोन्ही पंखांत एकेक टाकी होती, तिलाही डॅशबोर्डावर बटण होते, आणि तिच्या पुढील इंजेक्शनच्या आवृत्त्यांत परतीच्या झडपा अडकून एका बाजूची टाकी उतू जाई. किंमत वेगळी, खोड तीच.

टाक्यांच्या जागेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन पिकअपांत टाकी चालकाच्या आसनामागे, केबिनच्या आतच असे. १९७३ पासून जनरल मोटर्सने ती बाहेर काढून चेसिसच्या चौकटीबाहेर दोन्ही अंगांना बसविली, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून तेथे दीर्घकाळ कज्जे चालले. १९९२ मध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने या ट्रकांना आग लागताना दाखविली. परंतु ठिणगीची तजवीज आधीच करून ठेवलेली होती हे उघडकीस येऊन १९९३ च्या फेब्रुवारीत तिला जाहीर माफी मागावी लागली. पेट्रोलच्या टाकीपाशी काम करणाऱ्यास मात्र ठिणगीची तजवीज करावी लागत नाही. ती आपोआप होते. म्हणून बॅटरीची तार सोडल्याशिवाय, नळ्यांतला दाब उतरविल्याशिवाय आणि टाकी शक्य तेवढी रिकामी केल्याशिवाय हात घालू नये, साधा विजेचा दिवा जवळ नेऊ नये, आणि हे काम बंद खोलीत कदापि करू नये.

मागची टाकी खाली उतरविण्यापेक्षा ट्रकाचा मागचा हौदाच बोल्ट काढून उचलणे पुष्कळांना सोपे वाटते, आणि दोन-चार धट्टेकट्टे मित्र असतील तर तो मार्ग खरोखरच बरा. दुरुस्ती लांबणीवर पडणार असेल, तर निदान जी टाकी आपोआप भरते ती आधी वापरून तिच्यात जागा करून घ्यावी, म्हणजे उतू जाण्याचा धोका टळेल. आणि दोन्ही टाक्या आलटूनपालटून वापराव्यात. एकीवर रुसून तिला वर्षभर पडून राहू दिले की आतले पेट्रोल नासते, तळाशी पाणी साचते, गंज सुटतो आणि तोच गाळ पुढे पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. १९९७ च्या मॉडेलचा नव्या बांधणीचा एफ-१५० एकाच मोठ्या टाकीनिशी आला, आणि या साऱ्या झडपांना त्या ट्रकापुरती रजा मिळाली. पण जुने ट्रक अजून रस्त्यावर आहेत, खरेदी-विक्रीही होतेच. तेव्हा अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कोणी हौसेने असा ट्रक घेऊ पाहत असेल, तर त्याने दोन्ही टाक्या निम्म्या भरून, प्रत्येकीवर दहा-पंधरा मैल गाडी चालवून, न वापरलेल्या टाकीचा काटा जागचा हललेला नाही हे स्वतः पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.