दगडातील माशाची चौकशी

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा मी विद्यार्थी. आजच्या विषयाचे मूळ त्यांच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून घडलेल्या एका अपराधात आहे.

सरांच्या टेबलावर प्राणहितेच्या काठचा, कोटा थरातील चुनखडीचा एक तुकडा असे. शंकरपाळ्याच्या आकाराचे चकचकीत खवले त्यात रुतलेले होते. लेपिडोटीस नावाच्या माशाचे ते, असे सर सांगत. दख्खनमधील या माशाविषयी कर्नल साइक्स यांनी 1851 साली इंग्लंडमध्ये निबंध प्रसिद्ध केला, त्यातील वर्णन एजर्टन यांचे होते. एके दिवशी सरांनी चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तेव्हा ती फसफसली. खवल्यावर टाकला, तेथे बुडबुडा नाही. दगड आणि मासा एकाच द्रव्याचे नाहीत, इतकेच ते म्हणाले. मी अधिक शहाणा! तुकड्याची एक कड फोडून मी ती रात्रभर आम्लात बुडवून ठेवली. सकाळी तळाशी गाळ होता, खवला नव्हता. सर रागावले नाहीत. "आता विचारणार कोणाला?" असे म्हणून ते वर्गावर निघून गेले.

न फोडता, न विरघळवता दगडालाच विचारायचे कसे, हे मला पुढे अनेक वर्षांनी समजले.

प्रथम प्रश्न नीट मांडू. 'मासा दगड झाला' असे आपण सहज म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. जिवंत माशाच्या हाडांत मुळातच कॅल्शियम व फॉस्फेट यांचे, ॲपेटाइट वर्गातील खनिज असते. मासा मरून गाळात पुरला की हाडातील प्रथिने कुजतात, रिकाम्या जागी कॅल्साइट किंवा लोहयुक्त खनिजे शिरतात आणि भूजलातील फ्लोरीन ॲपेटाइटमध्ये मुरते. तेव्हा हाती आलेल्या हाडात माशाचे किती आणि मातीने मागाहून घातलेले किती, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर चुकले, तर जमिनीच्या गुणांना आपण माशाचे गुण म्हणू.

क्ष-किरण विवर्तनात स्फटिकातील अणूंचे थर किरणांना ठरावीक कोनांतच वळवतात. त्या कोनांवरून खनिज ओळखता येते. हाडातील खनिज ॲपेटाइटच्या जातीचे आहे, हे 1926 साली द योंग यांनी याच पद्धतीने दाखवले. मात्र नेहमीच्या पद्धतीत चिमूटभर नमुना कुटून पूड करावी लागते. म्हणजे माझा अपराध येथेही थोडा शिल्लक राहतोच! क्ष-किरण प्रतिदीप्तीत ती अडचण नाही. किरण पडताच प्रत्येक मूलद्रव्य आपल्या खास ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडते. कॅल्शियम, लोह, स्ट्रॉन्शियम कोठे किती, याचा नकाशा निघतो. पण ही पद्धत मूलद्रव्ये सांगते, ती कोणत्या संयुगात आहेत हे सांगत नाही. कॅल्शियम दिसले म्हणजे हाड दिसले, असे नव्हे, चुनखडीही कॅल्शियमचीच.

येथे रामन यांचा 1928 सालचा शोध कामी येतो. लेझरचा प्रकाश फॉस्फेटवरून विखुरला की वर्णपटात प्रति सेंटिमीटर 960 च्या आसपास ठळक रेषा उमटते, कॅल्साइटची रेषा 1086 जवळ. सरांच्या थेंबाने जे सांगितले, तेच ही दोन रेषांची जोडी सांगते, आणि खवला जागच्या जागी राहतो. फ्लोरीन मुरले की पहिली रेषा किंचित वर सरकते. पुष्कळ जीवाश्म मात्र लेझरखाली स्वतःच चमकू लागतात आणि त्या झगमगाटात रेषा बुडून जाते. मग अवरक्त लेझर वापरून पाहावा लागतो. म्हणून एकाच यंत्राच्या साक्षीवर निकाल देऊ नये, असे मला वाटते.

न फोडता विचारण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण कोटाचे नाही, ब्राझीलचे आहे. तेथील ईशान्य भागात, आरारिपे खोऱ्यात, चुनखडीच्या गोट्यांत जवळपास अखंड मासे सापडतात. काहींचे स्नायूही फॉस्फेटमध्ये टिकले आहेत, कारण मृत्यूनंतर काही तासांतच, कुजण्यापूर्वी, खनिज जमू लागले असावे. त्यांपैकी राकोलेपिस नावाच्या, सुमारे 11 कोटी 30 लाख ते 11 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीच्या माशाचे गोटे ब्राझीलच्या संशोधकांनी फ्रान्समधील ग्रनोबल येथे नेले. तेथील सिंक्रोट्रॉनमध्ये प्रकाशवेगाच्या जवळ धावणारे इलेक्ट्रॉन अत्यंत प्रखर क्ष-किरण देतात. गोटा फिरवत, थराथराने प्रतिमा घेत, संगणकावर आतला मासा उभा केला. आणि त्याच्या छातीत हृदय दिसले. 2016 साली हे प्रसिद्ध झाले. हृदयातून बाहेर पडणाऱ्या नलिकेत झडपांच्या पाच ओळी होत्या. आजच्या बहुतेक अस्थिमत्स्यांत एकच ओळ असते, तर पॉलिप्टेरस या प्राचीन घाटणीच्या माशात नऊ. झडपा कमी होत गेल्याचा मधला टप्पा त्या बंद गोट्यात होता.

सरांच्या तुकड्याचा उरलेला भाग शाळेच्या कपाटात अजून आहे. फुटलेली कडही तशीच आहे.